वाचलेली माणसं आणि त्यांचं हेलिकॉप्टर



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी मी वेगळं काही सांगण्याची गरज नाही. त्यांना जवळून ओळखणारी माणसं समोर बसली आहेत. विश्वस्तांनी पाठवलेल्या पत्रातली एक ओळ मात्र माझ्या मनात राहिली. ही व्याख्यानमाला कुणा धनिकाच्या देणगीतून उभी राहिलेली नाही. डॉक्टरांच्या हातून बऱ्या झालेल्या रोग्यांनी आणि त्यांच्या मुलाबाळांनी वर्गणी काढून ती सुरू केली. ते वाचलं आणि आजचा विषय ठरला.

मी भूलतज्ज्ञ आहे. उमेदीची काही वर्षं इंग्लंडमधल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात काढली. हेलिकॉप्टरनं आणलेले जखमी तिथं आमच्या ताब्यात यायचे. त्या हेलिकॉप्टरमागं किती सामान्य माणसं उभी आहेत, आणि एके काळी त्याच हेलिकॉप्टरनं वाचवलेले रोगी त्यात किती आहेत, हे हळूहळू कळत गेलं. बरा झालेला रोगी त्या सेवेला नेमकं काय देतो? उत्तर पैशांपाशी सुरू होतं, पण तिथं थांबत नाही, असं माझं मत झालं आहे. आज त्याविषयी बोलतो.

ब्रिटनमध्ये १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्य सेवा आहे, जिला सगळे एनएचएस म्हणतात. ९९९ फिरवला की येणारी रुग्णवाहिका सरकारी, रुग्णालय सरकारी, आणि बिल कुणाच्याच हाती पडत नाही. अशा देशात हेलिकॉप्टरही सरकारीच असणार, असं आपण धरून चालतो. स्कॉटलंडमध्ये काही प्रमाणात तसं आहे. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये मात्र ही सेवा धर्मादाय संस्था चालवतात. हेलिकॉप्टरचा खर्च, इंधन, वैमानिकांचे पगार, तळाची देखभाल हे सगळं मुख्यतः लोकांच्या देणग्यांतून होतं. डॉक्टर आणि पॅरामेडिक अनेक ठिकाणी एनएचएसमधून ठरावीक मुदतीसाठी आलेले असतात. जखमी माणसाकडून एक पेनीही घेतली जात नाही. तो कोण आहे, कुठला आहे, त्यानं कधी देणगी दिली होती का, हे कुणी विचारत नाही.

याची सुरुवात श्रीमंत लंडनमध्ये झाली नाही, ती झाली कॉर्नवॉलमध्ये. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला समुद्रात घुसलेलं हे टोक. कथिलाच्या खाणी बंद पडल्यानंतर मागं पडलेला, त्या देशाच्या मानानं गरीब भाग. रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना उंच बांध; समोरून गाडी आली की एकानं मागं घ्यायची. उन्हाळ्यात पर्यटकांची अशी झुंबड उडते की रुग्णवाहिका सायरन वाजवत जागीच उभी राहते. मुख्य रुग्णालय ट्रुरोला, आणि मार फार गंभीर असेल तर थेट शेजारच्या डेव्हनमधल्या प्लिमथला न्यावं लागतं. शिवाय सिली बेटं किनाऱ्यापासून पंचेचाळीसेक किलोमीटर आत समुद्रात. १ एप्रिल १९८७ रोजी ब्रिटनमधली पहिली हेलिकॉप्टर रुग्णवाहिका इथून उडाली. २०२० मध्ये तिथं नवं, मोठं एडब्ल्यू १६९ जातीचं हेलिकॉप्टर आलं, तेही लोकांनी निधी जमवून.

लंडनची कहाणी थोडी वेगळी आहे. १९८८ मध्ये इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सनं गंभीर जखमींच्या उपचारांवर एक अहवाल दिला. योग्य उपचार वेळेत मिळाले असते तर वाचली असती अशी कितीतरी माणसं दगावत आहेत, हे त्यातून देशापुढं आलं. पुढच्याच वर्षी लंडनची हवाई सेवा सुरू झाली. पूर्व लंडनमधल्या व्हाइटचॅपेल भागात रॉयल लंडन हॉस्पिटल आहे. त्याच्या सतराव्या मजल्यावरच्या छतावर ते लाल हेलिकॉप्टर दिवसभर उभं असतं. रात्री हीच पथकं मोटारीनं निघतात.

हेलिकॉप्टर म्हटलं की जखमीला उचलून वाऱ्याच्या वेगानं नेणारं वाहन डोळ्यांपुढं येतं. प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा उलट्या दिशेनं काम करतं. रुग्णालयातला अनुभवी डॉक्टर आणि खास प्रशिक्षण घेतलेला पॅरामेडिक काही मिनिटांत जखमीपाशी पोचतात आणि जे रुग्णालयात करायचं ते रस्त्याच्या कडेला करतात. भूल देऊन श्वासनलिकेत नळी घालणं, रक्त चढवणं, छातीत साचलेली हवा बाहेर काढणं. मग पुष्कळदा जखमी साध्या रुग्णवाहिकेतूनच रुग्णालयात येतो, डॉक्टर त्याच्या उशाशी बसून. लंडनच्या या पथकांनी १९९३ मध्ये रस्त्यावर माणसाची छाती उघडून हृदयावर उपचार केले. २०१२ पासून ती रक्ताच्या पिशव्या बरोबर ठेवतात. २०१४ मध्ये मांडीच्या रोहिणीतून महारोहिणीपर्यंत फुगा सरकवून आतला रक्तस्राव रोखण्याची क्रिया त्यांनी रुग्णालयाबाहेर केली, जगात पहिल्यांदा. ७ जुलै २००५ रोजी लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये बॉम्बस्फोट झाले, तेव्हाही हीच पथकं धावली होती.

आता मी स्वतः पाहिलेला भाग सांगतो.

हेलिकॉप्टरचं पथक ट्रॉली घेऊन आत आलं की अपघात विभागात एक शिस्त पाळली जाते. पहिलं मिनिटभर कुणी बोलायचं नाही, कुणी जखमीला हात लावायचा नाही. फक्त पथकातला डॉक्टर बोलतो. जखमीचं वय, अपघाताची वेळ, तो कसा घडला, मार कुठं लागला आहे, नाडी-रक्तदाब-श्वास यांची स्थिती, आतापर्यंत काय काय केलं. हे सगळं ठरलेल्या क्रमानं, ठाशीव आवाजात. भोवती दहा-बारा माणसं हातमोजे घालून उभी, आणि खोलीत त्या एकाचाच आवाज. तो थांबला की दहा-बारा जोड हात एकाच वेळी कामाला लागतात. पथक मागं सरतं, हात धुतं, थैल्या पुन्हा भरतं आणि निघून जातं. तोवर दुसरीकडून निरोप आलेला असतो.

त्या क्षणापासून दोन्हीकडचा धागा तुटतो. ज्यांनी त्या माणसाला चिखलातून उचललं, त्याच्या शरीराच्या आत हात घातला, त्यांना तो जगला की गेला हे पुष्कळदा समजत नाही. आणि ज्याला वाचवलं त्याला यांतलं काहीच आठवत नाही. मेंदूला मार लागला असेल तर अपघाताच्या आधीचे काही तासही पुसले जातात. रस्त्यावर भूल देण्यासाठी केटामिन नावाचं औषध वापरतात. ते उत्तम औषध आहे, मी आयुष्यभर वापरलं, पण त्याच्या अंमलाखाली काही रोग्यांना भयंकर भास होतात. आपण बोगद्यातून ओढले जात आहोत, कुणीतरी छातीवर बसलं आहे, आपण मेलेलो आहोत. अतिदक्षता विभागात आठवडे काढून माणूस जागा होतो तेव्हा त्याच्यापाशी तुटक भास असतात, अंगावर टाके असतात आणि मध्ये मोठी पोकळी असते. हाड जुळतं, जखम भरते, पण ती पोकळी कोणत्याही तपासणीत दिसत नाही.

म्हणून लंडनच्या सेवेनं आणि पुढं इतरही अनेक सेवांनी एक वेगळं पद तयार केलं. रोगी आणि त्याचे नातेवाईक यांच्याशी संपर्क ठेवणारी परिचारिका. ती रुग्णालयात जाऊन रोग्याला भेटते, पथकाच्या नोंदी घेऊन बसते, त्याला झेपेल तेवढं आणि तो विचारेल तेवढंच सांगते. त्याची तयारी असेल तर पुढं काही महिन्यांनी त्याला तळावर नेऊन पथकाची भेट घडवते.

अशा एका भेटीला मला हजर राहता आलं. ट्रॅक्टर उलटून त्याखाली सापडलेला शेतकरी होता, साठीच्या आसपासचा. तो बायकोला घेऊन आला होता. आल्या आल्या तो हेलिकॉप्टरपाशी गेला आणि वैमानिकाला म्हणाला, ‘‘तुम्ही उतरवलंत कुठं?’’ वैमानिक म्हणाला, ‘‘तुमच्या बार्लीत. पिकाचं बरंच नुकसान झालं असणार.’’ मग चहा झाला. पॅरामेडिकनं त्याला सांगितलं की नळी घालेपर्यंत तुम्ही सारखे एकच वाक्य बोलत होतात, फाटक उघडं राहिलंय, गुरं रस्त्यावर जातील. शेवटी आमच्यातल्या एकानं जाऊन फाटक लावलं आणि तुम्हाला येऊन सांगितलं, तेव्हा कुठं तुम्ही शांत झालात. शेतकऱ्याला हे काहीच ठाऊक नव्हतं. तो बायकोकडं बघून म्हणाला, ‘‘म्हणजे मी शुद्धीवर होतो.’’ दोन-तीनदा म्हणाला. त्याला त्याचा हरवलेला तास परत मिळाला होता, आणि त्या तासात तो घाबरून रडणारा कुणी नव्हता, गुरांची काळजी करणारा तोच होता. त्याची बायको मात्र डॉक्टरचा हात धरून बराच वेळ बसून राहिली. पथकातला तरुण डॉक्टर नंतर मला म्हणाला की महिन्याभरात आम्ही तीन माणसं गमावली होती, आज हा चालत आला.

भेटीतून फायदा रोग्याचाच होतो असं पूर्वी मला वाटायचं. पथकाला त्याची केवढी गरज असते हे त्या दिवशी कळलं. राजपुत्र विल्यम हे २०१५ ते २०१७ अशी दोन वर्षं ईस्ट अँग्लियाच्या हवाई रुग्णवाहिकेवर वैमानिक होते. केंब्रिजच्या तळावर त्यांनी इतरांसारख्या पाळ्या केल्या, पगार दान केला. त्या कामात पाहिलेल्या प्रसंगांचा, विशेषतः लहान मुलांच्या अपघातांचा, मनावर किती खोल परिणाम झाला हे त्यांनी पुढं जाहीरपणे सांगितलं. ज्या पथकांना शेवट कधीच कळत नाही, त्यांच्या मनात फक्त आरंभ साठत जातात, आणि हे आरंभ सगळे वाईटच असतात. चालत आलेला एक रोगी त्यातल्या एका गोष्टीला शेवट देतो. त्याशिवाय तो आणखी एक गोष्ट देतो. रस्त्यावर केलेल्या उपचाराचं पुढं काय झालं, कोणती क्रिया उपयोगी पडली, कोणती उगाच वेळ घेऊन गेली, वाचलेल्या माणसाचं आयुष्य कसं आहे, हे कळल्याशिवाय कोणतीही वैद्यकीय सेवा सुधारत नाही.

आणि पैसा? पैशाचंही सांगायला हवं, कारण हेलिकॉप्टर आभारांवर उडत नाही. एका उड्डाणाचा सगळा मिळून खर्च काही हजार पौंडांच्या घरात जातो. तो उभा राहतो तो मात्र छोट्या छोट्या रकमांतून. आठवड्याला एका पौंडाच्या सोडती असतात, त्यांतून पुष्कळ संस्थांना नेमानं उत्पन्न मिळतं. जुने कपडे आणि पुस्तकं विकणारी संस्थांची दुकानं असतात. लोक मृत्युपत्रात रक्कम ठेवतात. मॅरेथॉन धावणारे, विमानातून उडी घेणारे आपल्या ओळखीच्यांकडून देणग्या गोळा करतात. मी सांगितलेल्या त्या शेतकऱ्यानं गुरांच्या बाजारात, लिलावाच्या खिडकीवर डबा ठेवला. बाजारातले सगळे त्याला ओळखत होते, ट्रॅक्टरची हकिगत ठाऊक होती. त्या डब्याशेजारी कुठलंही छापील पत्रक लावायची गरज पडली नाही.

प्रसिद्ध माणूस वाचला तर हेच मोठ्या प्रमाणावर घडतं. रिचर्ड हॅमंड हा बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ या मोटारींच्या कार्यक्रमाचा तेव्हाचा सूत्रसंचालक. २० सप्टेंबर २००६ रोजी यॉर्कजवळच्या एल्व्हिंग्टन धावपट्टीवर तो जेट इंजिनाची गाडी चालवत होता. ताशी साडेचारशे किलोमीटरहून अधिक वेग असताना पुढचा टायर फुटला. यॉर्कशर एअर ॲम्ब्युलन्सनं त्याला लीड्सच्या रुग्णालयात पोचवलं. मेंदूला गंभीर मार होता, तरी तो वाचला आणि पुन्हा कामावर आला. तो अजून अतिदक्षता विभागात होता तेव्हाच त्याच्या चाहत्यांनी यॉर्कशरच्या या सेवेसाठी देणग्या पाठवायला सुरुवात केली. पाहता पाहता लाखाहून अधिक पौंड जमा झाले. बरं होण्यासाठी फुलं पाठवण्याऐवजी लोकांनी पुढच्या जखमीचं इंधन भरलं.

या घटनेतला बारकावा मला महत्त्वाचा वाटतो. हॅमंडला ज्या हेलिकॉप्टरनं नेलं त्याचे पैसे त्याच्या चाहत्यांनी दिले नव्हते. ते आधीच कुणीतरी दिले होते: यॉर्कशरमधल्या कुण्या आजीनं सोडतीचं तिकीट घेऊन, कुण्या शाळेनं केक विकून. ती माणसं हॅमंडला कधी भेटली नाहीत. वाचलेल्या माणसाला आपलं देणं ज्याचं त्याला परत करण्याची सोयच इथं नसते. तो देऊ शकतो ते पुढच्याला, ज्याचा अपघात अजून व्हायचा आहे. आपल्याकडं उपकाराची फेड उपकार करणाऱ्याकडंच व्हावी असं मानतात. ज्याला फेडायचं तो समोर नसतो तेव्हा माणूस काय करतो, हे मला या सेवांत पाहायला मिळालं.

स्वित्झर्लंडनं हेच आधीच देण्याचं तत्त्व संस्थेच्या पायातच घातलं. तिथली हवाई बचाव सेवा, रेगा, १९५२ साली स्थापन झाली. साठच्या दशकात पैशाअभावी ती अडचणीत आली तेव्हा तिनं थेट जनतेला हाक दिली, आणि १९६६ पासून आश्रयदाते नोंदवायला सुरुवात केली. आज त्या छोट्या देशात पस्तीस लाखांहून जास्त लोक दरवर्षी थोडे फ्रँक भरतात. बदल्यात बचावाचा न भागलेला खर्च रेगा त्यांना माफ करू शकते, पण तो विमा नाही, हक्कही नाही, असं संस्था स्पष्ट सांगते. आल्प्सच्या कुरणात पाय मोडलेली गाय खाली आणायलाही हेच हेलिकॉप्टर जातं. याच्या दुसऱ्या टोकाला अमेरिका. तिथं हेलिकॉप्टरनं वाचवलेल्या माणसाच्या घरी हजारो डॉलरची बिलं येत. त्यांतल्या अचानक येणाऱ्या बिलांना आळा घालणारा कायदा १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. ज्याच्या हाती बिल पडलं तो रोगी लिलावाच्या खिडकीवर डबा कशाला ठेवील?

ऑस्ट्रेलियाच्या फ्लाइंग डॉक्टर सेवेचा उल्लेख न करता पुढं जाववत नाही. १९२८ मध्ये क्वीन्सलंडमधल्या क्लोनकरीहून तिचं पहिलं विमान उडालं. जॉन फ्लिन या पाद्र्यानं त्यासाठी अनेक वर्षं लोकांची दारं ठोठावली होती. या सेवेला आता सरकारी पैसा भरपूर मिळतो. तरी एकाकी वस्त्यांवरची माणसं आपली धावपट्टी आपणच साफ ठेवतात. विमान यायच्या आधी गाडी फिरवून कांगारू हाकलतात. दिव्यांची सोय नसेल तर डब्यात रॉकेलमध्ये भिजवलेले कागदाचे गुंडाळे पेटवून रांगेत मांडतात. ब्रोकन हिल गावातल्या स्त्रिया दरवर्षी हजारोंनी नाताळची पुडिंगं करून विकतात आणि पैसे सेवेला देतात. तिथं आजी रोगी, माजी रोगी आणि उद्याचा रोगी अशी वेगळी माणसं नसतातच.

हे सगळं ऐकायला सुंदर आहे. पण यातल्या अडचणीही मी तुमच्यापुढं ठेवल्या पाहिजेत.

पहिली अडचण रोग्याचीच. वाचलेल्या प्रत्येकाला बोलायचं नसतं. एखाद्याचा पाय गेलेला असतो, नोकरी गेलेली असते. त्याच अपघातात सोबतचा कुणी गेलेला असतो. ‘मी वाचलो’ म्हणताना त्याची जीभ अडते. अशा माणसाला फलकावर हसरा फोटो द्यायला सांगणं ही क्रूरता आहे. म्हणून रोग्याची विचारपूस करणारी परिचारिका आणि निधी गोळा करणारा विभाग यांच्यात भिंत असली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. विचारपुशीच्या पोटात देणगीची अपेक्षा दडली, तर ती विचारपूस राहत नाही.

दुसरी अडचण मेलेल्यांची. या सेवा ज्यांच्याकडं धावतात त्यांतले पुष्कळ जण वाचत नाहीत, आणि मेलेला माणूस तळावर चहाला येत नाही. माजी रोग्यांच्याच गोष्टी ऐकल्या तर हेलिकॉप्टर आलं की माणूस वाचतोच, असा चुकीचा समज होतो. खरं सांगायचं तर मला सर्वांत जास्त हलवलं ते ज्यांचं माणूस गेलं अशा घरांनी. मुलगा गेला तरी एक आई दरवर्षी त्याच्या वाढदिवसाला चालण्याचा उपक्रम करून संस्थेला पैसे देते. कशासाठी, तर त्याच्यासाठी करण्यासारखं सगळं झालं, तो एकटा गेला नाही, हे तिला पथकाकडून कळलं म्हणून. जर्मनीत तर एका मोठ्या चळवळीचा जन्मच अशा घरात झाला. मे १९६९ मध्ये ब्यॉर्न श्टायगर हा आठ वर्षांचा मुलगा मोटारीची धडक बसून जखमी झाला. रुग्णवाहिका यायला तासभर लागला, आणि वाटेत तो गेला. दोन महिन्यांत त्याच्या आईवडिलांनी त्याच्या नावानं प्रतिष्ठान काढलं. जर्मनीतल्या रस्त्याकडेच्या आणीबाणीच्या टेलिफोनांसाठी आणि हवाई बचाव सेवेसाठी त्या प्रतिष्ठानानं केलेलं काम आजही त्या देशाच्या उपयोगी पडतं आहे.

तिसरी अडचण सगळ्यांत अवघड. लोकांनी पैसे दिले की सेवा त्यांची होते, आणि आपल्या वस्तूवर माणूस हक्क सांगतो. वेल्समधली हवाई रुग्णवाहिका २००१ मध्ये, वेल्सचा राष्ट्रीय सण असलेल्या सेंट डेव्हिड दिनी सुरू झाली. तिचे दोन तळ, कार्नार्व्हनचा आणि वेल्शपूलचा, बंद करून उत्तरेत मध्यवर्ती ठिकाणी एकच नवा तळ करायचा निर्णय २०२४ मध्ये झाला. पथकं जास्त वेळ उपलब्ध राहतील, जास्त रोग्यांपर्यंत पोचता येईल, असा हिशेब मांडला गेला. गावोगाव विरोध उसळला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. वेल्शपूल ज्या पाउइस परगण्यात आहे तिथं मोठं सर्वसाधारण रुग्णालयच नाही. हेलिकॉप्टर डोळ्यांसमोर उडताना दिसतं हाच तिथल्या माणसाचा धीर. आकडेवारीची बाजू मला पटते, कारण तळ जवळ असण्यापेक्षा पथक मोकळं असणं जास्त महत्त्वाचं. पण ज्यांनी वीसहून अधिक वर्षं डबे फिरवले त्यांना हे आधी विश्वासात घेऊन, त्यांच्याच सभागृहांत बसून सांगायला हवं होतं, असंही मला तितकंच वाटतं. लोकांचं प्रेम निधी गोळा करताना हवं असेल तर निर्णय घेतानाही त्याची दखल घ्यावी लागते.

मूळ उपचार मिळणं हा माणसाचा हक्क आहे, तो कुणाच्या कृतज्ञतेवर सोडता येणार नाही. गरीब वस्तीत डबे कमी भरतात म्हणून तिथलं हेलिकॉप्टर उशिरा पोचावं, हे कुणालाच मान्य होणार नाही. सरकारनं पाया घालावा, आणि लोकांनी त्यावर आणखी चांगलं काही उभं करावं, हा क्रम मला योग्य वाटतो.

आता आपल्याकडं वळतो. आपल्या देशात हृषीकेशच्या एम्सनं २०२४ च्या ऑक्टोबरात हेलिकॉप्टर रुग्णवाहिका सुरू केली. उत्तराखंडच्या डोंगरांत तिची गरज वादातीत आहे. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ पासून आहे आणि तिच्या रुग्णवाहिकांवर डॉक्टर असतात, हे मोठं काम आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर अडकलेल्यांना खाली आणणारी गिर्यारोहकांची पथकं पदरमोड करून, दोर आणि स्ट्रेचर खांद्यावर घेऊन रात्री-बेरात्री निघतात. आपल्या घाटांत हेलिकॉप्टर आधी हवं की प्रत्येक घाटाच्या पायथ्याशी सुसज्ज अपघात विभाग, असं विचारलंत तर मी अपघात विभाग मागीन. जखमीला उतरवायला सज्ज जागा नसेल तर हेलिकॉप्टर त्याला नेणार कुठं?

पण माजी रोग्यांच्या बाबतीत इंग्लंडमध्ये जे पाहिलं त्यासाठी हेलिकॉप्टरची वाट पाहायला नको. १०८ वरच्या डॉक्टरला आपण पोचवलेल्या माणसाचं पुढं काय झालं, हे आज कोण कळवतं? आणि बऱ्या झालेल्या माणसाला आपल्याला रस्त्यावरून कुणी उचललं, कुठून, किती वाजता, हे कुठं वाचायला मिळतं? डिस्चार्ज कार्डावर या तीन नोंदींची एक ओळ वाढवता येईल. रोग्याची संमती असेल तर एक छोटी चिठ्ठी रुग्णवाहिकेच्या पथकाकडं जाऊ शकेल: घरी गेला, दुसरीकडं हलवला, की गेला. तिसरा पर्याय लिहायला जड आहे, तरी तोही कळवला पाहिजे. कड्यावरून उतरवलेल्या मुलांची नावं आणि त्यांची आजची प्रकृती गिर्यारोहकांच्या पथकांनाही अशीच कळायला हवी.

या तालुक्यातली सरकारी आणि खासगी रुग्णालयं मिळून हे करता येईल, असं इथल्या दोन-तीन डॉक्टरांशी आज दुपारी बोलताना मला जाणवलं. त्या ओळीचा आणि चिठ्ठीचा कच्चा मसुदा मी मराठीत लिहून बरोबर आणला आहे. सभा संपल्यावर कार्यवाहांच्या खोलीत बसणार आहे. रुग्णालय चालवणाऱ्यांनी, १०८ वर काम करणाऱ्यांनी आणि ज्यांना कधी तरी अशा गाडीनं आणलं होतं त्यांनी जरूर यावं. विशेषतः शेवटच्यांनी यावं, कारण त्या चिठ्ठीत काय विचारू नये हे मला त्यांच्याकडून समजून घ्यायचं आहे.